कॅलिस्टो एका रात्रीत पलीकडे कसा गेला? (गच्चीवरची गुरूची वही)

गच्चीकर

मंडळी, एक कोडं पडलंय. जाणकारांनी मदत करा.

शाकंभरी पौर्णिमेला लेकीने चंद्राशेजारचा तो ठळक तारा कोणता म्हणून विचारलं. गुरू आहे म्हटल्यावर "कशावरून?" असा पुढचा प्रश्न आला. आठवीतली पोरगी, बापाचा शब्द पुरत नाही. माळ्यावरून जुनी १० बाय ५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) काढली, काचा पुसल्या आणि गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकवून बघितलं. गुरूच्या बाजूला एका रेषेत तीन बारीक ठिपके! ते गुरूचे चंद्र, हे मला ऐकून माहीत होतं, पण पन्नाशीला टेकेपर्यंत एकदाही बघितले नव्हते. हात थरथरतो म्हणून पुढच्या रात्री कॅमेऱ्याच्या तिपाईला द्विनेत्री सुतळीने बांधली. मग चौथाही सापडला.

तेव्हापासून रोज रात्री नऊच्या सुमारास आम्ही दोघं वर जातो. गणिताच्या चौकटीच्या वहीत मधे गोल काढायचा आणि ठिपके जागच्या जागी मांडायचे. एक चौकट म्हणजे अंदाजे गुरूच्या बिंबाएवढं अंतर. त्या वेळी गुरू पूर्वेला असतो आणि ठिपक्यांची रेषा जवळपास उभी दिसते. वहीत ती आडवी करून घेतो, म्हणजे वरचा ठिपका डावीकडे आणि खालचा उजवीकडे.

आता कोडं. सगळ्यात लांब जाणारा तो कॅलिस्टो, असं वाचून ठरवलं. त्याच्या नोंदी:

तिसरी रात्र: डावीकडे १२ चौकटी. चौथी: डावीकडे १३. पाचवी: डावीकडे साडेबारा. सहावी: उजवीकडे १०. सातवी (काल): परत डावीकडे साडेसहा.

म्हणजे हा गडी एका रात्रीत पलीकडे जाऊन दुसऱ्या रात्री घरी परत? ज्याला एका फेरीला १६ दिवसांच्या वर लागतात, तो अशी उडी मारेल कशी? लेक म्हणते वहीत चूक आहे. मी म्हणतो चूक नाही, मी स्वतः काढलंय. घरात तणाव आहे.

सुपारी

मोबाईलवर फुकट ॲप मिळतं, कुठला चंद्र कुठे ते मिनिटामिनिटाला दाखवतं. वही, सुतळी, तिपाई... एवढा खटाटोप कशाला म्हणतो मी? बाकी धागा भारी.

गच्चीकर

@सुपारी, ॲप बघायला मनाई केलीय. लेकीने. "उत्तर आधी बघायचं नाही."

खडूफळा

लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, अशी पोर वर्षाला एखादीच भेटते.

उजवीकडे १० चौकटींवर दिसलेला ठिपका गुरूचा चंद्र नसून मागचा एखादा तारा असू शकतो. गुरू सध्या मिथुनेत आहे, तिथे आकाशगंगा जवळ, बारीक ताऱ्यांना तोटा नाही. पण मग खरा कॅलिस्टो त्या रात्री डावीकडे दिसायला हवा होता. डावीकडे काही होतं का?

गच्चीकर

सर, त्या रात्री डावीकडे एकच ठिपका, चारेक चौकटींवर. उजवीकडे दोन, त्यातला लांबचा १० वर. कॅलिस्टोच्या जागी काहीच नाही.

रात्रपाळी

मस्त धागा. आमच्या कारखान्याच्या पार्किंगमधून मी रोज पहाटे गुरू मावळतीकडे कललेला बघतो.

ताऱ्याची शंका मलाही पटत नाही. तिन्ही ठिपके एका रेषेत होते ना? तारा नेमका त्या रेषेवर बसायला नशीब लागतं. गॅलिलिओची मात्र आधी तीच समजूत झाली होती. ७ जानेवारी १६१० च्या रात्री पादुआत त्याला गुरूशेजारी तीन 'तारे' दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. दुसऱ्या रात्री बघतो तर तिन्ही पश्चिमेला. त्याला वाटलं गुरूच पुढे सरकला. पण पंचांगाप्रमाणे गुरू उलट दिशेला जायला हवा होता. ९ तारखेला ढग. (वाचताना मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला.) १० तारखेला दोनच दिसले, तेही पूर्वेला, आणि १३ ला पहिल्यांदा चार. मार्चमध्ये त्याचं पुस्तक छापून बाजारात. आजकाल दोन महिन्यांत लग्नपत्रिका छापून होत नाही.

गंमत म्हणजे पहिल्या रात्रीही तीन नव्हते. आयो आणि युरोपा हे दोन चंद्र इतके चिकटून होते की त्याच्या दुर्बिणीला ते एकच वाटले. तेव्हा गच्चीकर, तुमची चूक असलीच तर संगत चांगली आहे.

सुपारी

गॅलिलिओने शोधले तर नावं ग्रीक पुराणातली कशी? आयो, युरोपा, गॅनिमीड ही झ्यूसची प्रकरणं ना?

रात्रपाळी

प्रकरणंच. गॅलिलिओने 'मेदिचींचे तारे' असं नाव दिलं होतं. मेदिची हे फ्लॉरेन्सच्या ड्यूकचं घराणं. त्याला खूश करायचं होतं, नोकरी हवी होती आणि मिळालीही. आजची नावं जर्मनीतल्या सायमन मारियसने १६१४ मध्ये छापली, ती त्याला केपलरने सुचवली होती. मारियस म्हणे मीही त्याच सुमाराला हे चंद्र पाहिले होते. गॅलिलिओ त्यावर असा काही खवळला की विचारू नका.

दक्षिणायन

मेलबर्नहून. तुमचा गुरू पूर्वेकडून डोक्यावर चढतो, आमचा इथे उत्तरेला जेमतेम ३० अंशांवर. जानेवारीत नऊ वाजता धड अंधारही नसतो, त्यामुळे वाट बघावी लागते. अंगणात उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की पूर्व उजव्या हाताला येते. भारतातून दक्षिणेकडचं आकाश बघायची सवय असलेल्याला सगळंच उलटं वाटतं. पहिल्या वर्षी मी चंद्राचे डाग बघून चक्रावले होते, ससा डोक्यावर उभा! गुरूच्या चंद्रांचंही तसंच. सोलापूरला भाऊ बघतो आणि मी इथे, आणि फोनवर "डावीकडचा" म्हटलं की भांडण. शेवटी डावं-उजवं सोडून पूर्व-पश्चिम बोलायचं ठरलं.

तुमच्याकडे असं काही नाही ना झालं? तुम्ही तर एकाच गच्चीवर आहात म्हणा.

रात्रपाळी

तोवर आयोबद्दल थोडं लिहितो, माझा आवडता चंद्र. अवांतर वाटलं तर पुढे सरका.

मार्च १९७९. व्हॉयेजर १ गुरूजवळून पुढे निघून गेलं होतं. लिंडा मोराबितो ही नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतली अभियंता यानाचा मार्ग तपासत होती. त्यासाठी आयोमागचा एक फिका तारा स्पष्ट व्हावा म्हणून तिने फोटो खूप उजळला, तर आयोच्या कडेला छत्रीसारखा धुरकट उमाळा दिसला. आयोच्या मागे दुसरा चंद्र आहे की काय, इथपासून सगळ्या शक्यता तपासून झाल्या. शेवटी ठरलं की तो ज्वालामुखी आहे. फवारा जवळपास ३०० किमी उंच. पृथ्वीबाहेर धगधगता ज्वालामुखी माणसाने पाहिला तो तेव्हा पहिल्यांदा.

त्याच्या आठवडाभर आधी, २ मार्चला, पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांचा निबंध छापून आला होता, की आयोचा आतला भाग वितळलेला असणार आणि ज्वालामुखी दिसू शकतील. शास्त्रात भाकीत इतक्या झटपट खरं ठरल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल.

कारण समजून घ्यायला सोपं आहे. आयोची एक फेरी होते पावणेदोन दिवसांत, युरोपाची साडेतीन दिवसांत, गॅनिमीडची सव्वासात दिवसांत. १, २, ४ चं प्रमाण. युरोपाची एक फेरी होते तोवर आयोच्या दोन होतात, आणि दोघं दर वेळी त्याच ठिकाणी समोरासमोर येतात. झोका ठरावीक वेळी ढकलला की वाढत जातो, तसं इथे आयोच्या कक्षेला ठरावीक जागी ओढ बसते. त्यामुळे ती कधीच पूर्ण गोल होत नाही. गुरूजवळ गेला की आयो ताणला जातो, लांब गेला की सैलावतो. त्याच्या घट्ट जमिनीला १०० मीटरच्या आसपास भरती-ओहोटी येते. पिठाचा गोळा मळत राहिलं की गरम होतो, तेच.

बाकी जमीन उणे दीडशे अंशांच्या घरात आणि तिच्यातून हजार अंशांवरचा लाव्हा. रंग गंधकाचे, पिवळा, केशरी, मधे काळे डाग. पहिले फोटो बघून लोक त्याला पिझ्झा म्हणाले. मला तर करपलेलं धिरडं वाटतं.

वाचनमात्र

नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो.

'आयो-युरोपा-गॅनिमीड' या तिकडीचं अजून एक वैशिष्ट्य आहे: तिघं एकाच दिशेला एका रेषेत कधीच येत नाहीत. युरोपा आणि गॅनिमीड गुरूच्या एका अंगाला रेषेत आले की आयो हमखास विरुद्ध अंगाला. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाने हे गणिताने दाखवलं. पण गॅलिलिओच्या ८ जानेवारीसारखं तिन्ही 'पश्चिमेला' दिसू शकतात, कारण आपण कक्षा कडेने बघतो. एका बाजूला असणं वेगळं, एका रेषेत असणं वेगळं. या दोन्हींची गल्लत बऱ्याच लेखांत असते.

आता भारतातली एक गोष्ट, कमी लोकांना माहीत असलेली. ७ जून १९७२ ला गॅनिमीड एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तामिळनाडूत जवादी डोंगरात कावलूर वेधशाळा आहे, तिथली एक मीटरची दुर्बीण तेव्हा नवी कोरी होती. कावलूर आणि जावातल्या लेंबांगहून हे पिधान टिपलं गेलं. ताऱ्याचा उजेड एकदम गेला नाही, गॅनिमीडभोवती विरळ वातावरण असावं असा निष्कर्ष निघाला. पुढे व्हॉयेजरच्या मोजणीत तो आकडा टिकला नाही, वातावरण त्याच्यापेक्षा खूपच विरळ निघालं. हबल दुर्बिणीला ऑक्सिजनच्या नुसत्या खुणा सापडल्या. पण एका ठिपक्यामागे तारा लपताना उजेड कसा मंदावतो यावरून ६० कोटी किमीवरची हवा चाचपायची, ही कल्पनाच मला अफाट वाटते. १९७७ मध्ये युरेनसची कडी अशाच पिधानातून सापडली, तेव्हाही कावलूरची दुर्बीण रोखलेली होती.

सुपारी

ऑक्सिजन आहे म्हणजे प्लॉट पाडायला हरकत नाही.

बाय द वे, शनीला २७४ चंद्र झाले म्हणे. आमच्या आळीतल्या जोशीबुवांना विचारलं, साडेसातीत फरक पडेल का. ते बोलेनासे झालेत.

खडूफळा

२७४ बरोबर. मार्च २०२५ मध्ये एकदम १२८ ची भर पडली. त्यातले बहुतेक दोन-चार किलोमीटरचे धोंडे आहेत, लांब आणि वेड्यावाकड्या कक्षांत फिरणारे, पूर्वी कधीतरी कशाच्या तरी धडकेतून झालेले तुकडे. मुलांना मी सांगायचो, उपग्रह मोजण्यापेक्षा तोला. शनीभोवती फिरणारं बहुतेक सगळं वजन एकट्या टायटनमध्ये आहे. गुरूचं तसंच: हे चार सोडले तर बाकी सगळे मिळून चिमूटभर. गॅनिमीड ५,२६८ किमी व्यासाचा, म्हणजे बुधापेक्षाही मोठा. वस्तुमानात मात्र बुधाच्या निम्म्याहून कमी, कारण निम्मा बर्फच आहे.

कोकणकडा

लाप्लासचा विषय निघालाय तर केतकरांचं नाव यायलाच हवं.

व्यंकटेश बापूजी केतकर. बागलकोटला शाळेत मास्तर, 'ज्योतिर्गणित' लिहिणारे. १९११ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत लिहिलं की नेपच्यूनच्या पलीकडे आणखी दोन ग्रह असावेत. नावं सुचवली ब्रह्मा आणि विष्णू. आधार कशाचा, तर गुरूच्या चंद्रांमध्ये लाप्लासला सापडलेल्या त्याच प्रकारच्या नात्याचा. ते त्यांनी बाहेरच्या ग्रहांना लावून बघितलं. ब्रह्माचं अंतर काढलं ३८.९५, पृथ्वी-सूर्य अंतराच्या पटीत, आणि फेरी सुमारे २४२ वर्षांची. १९३० मध्ये प्लूटो सापडला: अंतर ३९.५, फेरी २४८ वर्षं. केतकर त्याच वर्षी गेले.

बागलकोटचा एक मास्तर कागद-पेन्सिल घेऊन इथवर पोचला आणि आपल्या पाठ्यपुस्तकात एक ओळ नाही.

रात्रपाळी

@कोकणकडा, केतकरांबद्दल आदर आहेच, त्यांची ग्रहगणितं आजही पंचांगवाल्यांच्या कपाटात असतात. पण हा प्लूटोचा शोध म्हणून मिरवायला मी तयार नाही. युरेनस ८४ वर्षं, नेपच्यून १६५, मग तिसरा २४२ वर. हे साधारण १, २, ३ चं प्रमाण आहे. प्लूटो खरा बांधलेला आहे तो नेपच्यूनशी, ३ फेऱ्यांना २ फेऱ्या असा. युरेनस त्या खेळात नाही. आणि प्लूटोचं वजन आपल्या चंद्राच्या सहाव्या हिश्श्याएवढं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ.

कोकणकडा

कावळा म्हणा हवं तर. पण तोच कावळा नेपच्यूनपलीकडचा ग्रह शोधणाऱ्या अमेरिकन पर्सिव्हल लॉवेलचाही. त्याने काढलेला ग्रह पृथ्वीच्या सातेक पट जड होता, प्लूटो निघाला चिमुकला. तरी वेधशाळेला त्याचं नाव आहे आणि प्लूटोच्या चिन्हात त्याची आद्याक्षरं आहेत. मोजपट्टी दोघांना एकच लावा एवढंच म्हणणं.

रात्रपाळी

हे मान्य. बिनशर्त.

ओटी_पडवी

अहो, मूळ कोडं राहिलंच की! सगळे आयोवर जाऊन धिरडी भाजताय.

गच्चीकर दादा, मला एक सांगा. सहाव्या रात्री वेगळं काय केलंत? वेळ तीच होती का? उभे होतात का बसलेले? दक्षिणायन ताईंचं वाचल्यापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय.

गच्चीकर

विचारलंत ते बरं. त्या दिवशी पाहुणे होते. जेवणं आटोपेपर्यंत अकरा, वर गेलो तेव्हा बारा वाजत आलेले. गुरू बरोबर डोक्यावर. तिपाईवरून बघायला मान मोडायची वेळ, म्हणून चटई टाकून उताणा पडलो आणि द्विनेत्री हातात धरली. थंडी होती, गोधडी घेतली. लेक झोपली होती, त्या रात्री मी एकटाच. ठिपके त्या वेळी आडवे दिसले, म्हणून जसे दिसले तसेच वहीत काढले, डावा तो डावीकडे.

ओटी_पडवी

डोकं कुठल्या दिशेला होतं?

गच्चीकर

पाण्याच्या टाकीकडे. टाकी गच्चीच्या... थांबा.

उत्तरेला.

ओटी_पडवी

झालं तर मग!

नऊ वाजता तुम्ही पूर्वेकडे तोंड करून उभे असता. ग्रह-तारे तिथून वर चढत पश्चिमेकडे जातात, म्हणजे ठिपक्यांच्या उभ्या रेषेचं वरचं टोक पश्चिमेचं. ते तुम्ही वहीत डावीकडे घेता. म्हणून तुमच्या वहीत डावीकडे पश्चिम.

आता उत्तरेला डोकं, दक्षिणेला पाय करून उताणे पडा. डावा हात कुठे येतो? पूर्वेला. म्हणजे त्या रात्री डावीकडे पूर्व. आख्खं पान उलटं झालं. कॅलिस्टो कुठेही गेला नाही, तुम्ही फिरलात. दक्षिणेला डोकं केलं असतं तर काहीच कळलं नसतं, कारण तेव्हा डावीकडे पश्चिमच आली असती.

उजवीकडचे १० डावीकडे टाका: १२, १३, साडेबारा, १०, साडेसहा. आता बघा कसा सरळ परत येतोय.

खडूफळा

वा! आणि याचा अर्थ त्या रात्री बाकीचेही उलटेच काढले गेले. ते कळलं कसं नाही, हाही प्रश्न विचारायला हवा. आयो एका दिवसात कक्षेत २०३ अंश फिरतो, युरोपा १०१. ते आज इथे, उद्या पलीकडे असतातच, त्यामुळे उलटे काढले तरी शंका येत नाही. कॅलिस्टो दिवसाला जेमतेम २१ अंश सरकतो. हळू चालणाऱ्यानेच चोरी पकडून दिली.

सुपारी

आजी सांगायची उत्तरेला डोकं करून झोपू नये. आता कारण कळलं. गुरूचे चंद्र उलटे दिसतात.

गच्चीकर

हसून हसून पुरेवाट झाली. आई शेजारी बसली होती, तिला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "मी त्याच रात्री जिन्यातून ओरडले होते." ओरडली होती खरी. मी "झोपत नाहीये, आकाश बघतोय" म्हटलं होतं.

लेकीने माझ्याकडून वहीत लाल पेनाने "चूक मान्य" असं लिहून सही घेतली आहे.

ओटी_पडवी ताई, तुमचे किती आभार मानू? आता पुढचा प्रश्न. फेरीचे दिवस वहीवरून काढायचेत. चौथ्या रात्री टोकाला होता, तो पुन्हा त्याच टोकाला येईपर्यंत दिवस मोजले की झालं ना?

खडूफळा

तसं करू नका. झोपाळा बघा, टोकाला पोचला की क्षणभर रेंगाळतो आणि मधून जाताना सपकन जातो. कॅलिस्टोही टोकापाशी दोन-तीन रात्री तिथेच असल्यासारखा दिसतो (तुमचंच १२, १३, साडेबारा), तिथे नेमकी वेळ कोण सांगणार? तो गुरूला ओलांडतो तो क्षण धरा. ऐन गुरूजवळ द्विनेत्रीला झगमगाटात काही दिसणार नाही, पण एका बाजूला सहा-सात चौकटींवर असतानाची रात्र आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच असतानाची रात्र घ्या, त्यांच्या मधे ओलांडलं असं समजा. एकदा या दिशेने, एकदा त्या दिशेने. मधलं अंतर म्हणजे अर्धी फेरी.

ओलांडण्याच्या अशा वेळा मोजूनच रोमर या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने १६७६ मध्ये पॅरिसच्या वेधशाळेत एक भलतंच काही पकडलं. तो आयोची ग्रहणं मोजत होता, गुरूच्या सावलीत आयो कधी शिरतो आणि कधी बाहेर येतो ते. पृथ्वी गुरूपासून लांब जात असताना ग्रहणं वेळापत्रकाच्या मागे पडायची, जवळ येताना पुढे. त्याने जाहीर केलं की ९ नोव्हेंबरचं ग्रहण १० मिनिटं उशिरा दिसेल, आणि तसंच झालं. आयोचं घड्याळ बरोबरच होतं, बातमी उशिरा पोचत होती, कारण प्रकाशाला यायला वेळ लागतो. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडायला त्याने २२ मिनिटं धरली, खरी १६ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास. पण वेळ लागतो, हेच तोवर निम्म्या जगाला मान्य नव्हतं. त्याच वेधशाळेतल्या कॅसिनीलाही नाही.

१० जानेवारीला प्रतियुती झाली (म्हणजे आपल्या एका बाजूला सूर्य, बरोबर विरुद्ध बाजूला गुरू) तेव्हा गुरू सुमारे ६३ कोटी किमीवर होता. म्हणजे तुम्ही वहीत मांडता ते ठिपके ३५ मिनिटांपूर्वीचे. लेकीला सांगा.

दक्षिणायन

सांगू नका, विचारा. ती स्वतः काढेल.

गच्चीकर (अकरा दिवसांनी)

वही पूर्ण झाली. एका रात्री ढग, एका रात्री शेजारच्या हळदीचे हॅलोजन, तरी भागलं.

सातवी रात्र: डावीकडे साडेसहा. दहावी: उजवीकडे ७. म्हणजे ओलांडलं ८.४४ व्या रात्री. (दशांश लेकीचे आहेत, मी साडेआठच म्हटलं असतं.)

पंधरावी: उजवीकडे ८. अठरावी: डावीकडे ६. ओलांडलं १६.७१ व्या रात्री.

अर्धी फेरी ८.२७ दिवस, पूर्ण फेरी १६.५४. साडेसोळा दिवस! यानंतरच ॲप आणि पुस्तक उघडायची परवानगी मिळाली. पुस्तकात १६ दिवस १६ तास आणि वर अर्धा तास. आमची चूक साडेतीन तासांची, सुतळीने बांधलेल्या द्विनेत्रीने.

प्रकाशाची ३५ मिनिटंही तिने काढली. वर "मग गुरू आत्ता कुठे आहे ते आपल्याला कधीच दिसणार नाही का?" असं विचारून झोपायला निघून गेली. मी अजून जागा आहे.

खडूफळा

एक गृहपाठ. गॅनिमीड जास्तीत जास्त किती चौकटी लांब गेला?

गच्चीकर

साडेसात.

खडूफळा

१३ ला साडेसातने भागा आणि त्याचा घन करा. मग कॅलिस्टोच्या दिवसांना गॅनिमीडच्या सव्वासातने भागा आणि वर्ग करा.

गच्चीकर

५.२ आणि ५.२. सर, हे काय आहे?

खडूफळा

केपलर. अंतराचा घन आणि फेरीच्या दिवसांचा वर्ग एकाच प्रमाणात, हा त्याचा नियम. अकरावीत भेटेल तिला. तुम्हीही भेटला होतात, विसरलात.

सुपारी

द्विनेत्री केवढ्याला येते हो साधारण? घरच्यांना सांगू नका मी विचारलं म्हणून.

गच्चीकर

@सुपारी, आधी घरात कुणाकडे धूळ खात पडलीय का बघा, बहुतेक सापडेल. आणि वही घ्याल तेव्हा पहिल्याच पानावर बाण काढून 'पूर्व' लिहा. आमच्या नव्या वहीवर आईने स्वतःच्या हाताने काढलाय.